तोतयाचे भांडवल

१९ मार्च १९८७ रोजी मुंबईत ऑपेरा हाऊस भागातील एका नामांकित जवाहिऱ्याच्या पेढीवर 'धाड' पडली. आलेल्या मंडळींच्या प्रमुखाने आपण केंद्रीय अन्वेषण विभागाचे अधिकारी असल्याचे सांगितले, झडतीचा हुकूम दाखविला, टेलिफोन उचलण्यास मनाई केली आणि आपल्याबरोबरच्या पंचवीसएक तरुणांना जागोजागी उभे केले. मग निवडक दागिने व रोख रक्कम 'पुरावा' म्हणून ताब्यात घेऊन तो बाहेर पडला, तो पुन्हा दिसला नाही. ते तरुण मात्र साहेबांची वाट पाहत तेथेच थांबले. पुढे उलगडा झाला तो असा की, हे तरुण वर्तमानपत्रातील नोकरीची जाहिरात वाचून मुलाखतीला गेले होते आणि आपल्याला सरकारी नोकरी लागली या समजुतीने धाडीवर आले होते. त्या साहेबाचा छडा अखेरपर्यंत लागला नाही.

या प्रकारावर पुढे चित्रपट निघाला आणि तो करमणुकीचा विषय झाला. परंतु त्यातील दोन गोष्टी करमणुकीच्या नाहीत. पहिली अशी की, लाखोंची उलाढाल करणाऱ्या, वकील आणि हिशेबनीस पदरी असणाऱ्या पेढीवरही "हा हुकूम कोणत्या कचेरीतून निघाला, तेथे विचारून घेऊ द्या" असे म्हणण्याचे बळ कोणाला झाले नाही. 'सरकार' हा शब्द उच्चारला जाताच माणसांची जीभ लुळी पडली. दुसरी अशी की, ज्यांच्या हातून लूट करवून घेतली ते स्वतःच फसविले गेलेले बेकार तरुण होते. तोतयाचे भांडवल ते हेच. त्याला सुरा लागत नाही, पिस्तूल लागत नाही. सामान्य माणसाच्या मनात सरकारविषयी जो धाक मुरलेला आहे, तेवढ्यावर त्याचा धंदा चालतो. आणि त्या धंद्याला लागणारे हात बेकारी पुरविते.

आज या तोतयाला मोटारी भाड्याने घेऊन पेढीच्या दारात यावे लागत नाही. तो दूरध्वनीवरून येतो, संदेशातून येतो, आयकर खात्याचे बोधचिन्ह लावलेल्या पत्रातून येतो. वेष बदलला, भांडवल मात्र तेच राहिले.

याचा पुरावा आपल्या मुंबईच्या वेशीवरच सापडला. २०१६ सालच्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. सातशेहून अधिक माणसे ताब्यात घेण्यात आली आणि सुमारे सत्तर जणांना अटक झाली. तेथे रात्रपाळीला बसलेली मुले-मुली अमेरिकन नावे धारण करून अमेरिकेतील घरोघर फोन करीत. आपण तेथील महसूल खात्याचे अधिकारी आहोत, तुमच्याकडे कर थकलेला आहे, पैसे भरले नाहीत तर थोड्याच वेळात पोलीस तुमच्या दारात येतील, अशी धमकी लिहून दिलेल्या संहितेवरून वाचून दाखविली जाई. पैसे भरण्याचा मार्गही नामी होता. दुकानातून भेटकार्डे विकत घ्यावयाची आणि त्यांवरील क्रमांक फोनवर वाचून दाखवावयाचे! जगातील कोणते सरकार भेटकार्डांवर कर वसूल करते? शांतपणे विचार करणाऱ्याला हा प्रश्न सुचल्यावाचून राहणार नाही. परंतु शांतपणे विचार करण्याची संधीच द्यावयाची नाही, फोन ठेवू द्यावयाचा नाही, कोणाशी बोलू द्यावयाचे नाही, हेच तर या विद्येचे मर्म आहे.

त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या न्यायखात्याने अहमदाबादेतील अशाच कॉल सेंटरांशी निगडित आरोपपत्र खुले केले. त्यात व्यक्ती व संस्था मिळून एकसष्ट आरोपी होते. २०१८ च्या जुलैमध्ये त्यांपैकी अमेरिकेत पकडल्या गेलेल्या एकवीस जणांना शिक्षा झाल्या. सर्वांत मोठी शिक्षा वीस वर्षांची होती. 'अमेरिकेतल्या पैसेवाल्यांना लुबाडले, आपले काय गेले' असा विचार कोणाच्या मनात येत असेल तर त्याने एवढे ध्यानात घ्यावे की, या फोनला बळी पडणारे अब्जाधीश नव्हते. एकटे राहणारे वृद्ध आणि आपले कागदपत्र पुरेसे आहेत की नाहीत या धास्तीत जगणारे नवे स्थलांतरित त्यात होते. मीरा रोडच्या खुर्चीत बसलेला मुलगा आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला थरथरणारी म्हातारी, दोघेही असुरक्षित. आणि त्या दोघांच्या असुरक्षिततेवर मधला दलाल गबर झालेला, असे ते चित्र होते.

परदेशावर चालविलेली ही विद्या घरी यावयास वेळ लागत नाही. २०२३ मध्ये देशभर एक संदेश फिरला. 'तुमचा १५,४९० रुपयांचा आयकर परतावा मंजूर झाला आहे. रक्कम लवकरच अमुक क्रमांकाच्या खात्यात जमा होईल. हा खातेक्रमांक बरोबर नसेल तर खालील दुव्यावर जाऊन दुरुस्त करा,' असा त्याचा आशय होता. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने तो खोटा असल्याचे जाहीर केले. या चार ओळींतील कावा समजून घेण्यासारखा आहे. दाखविलेला खातेक्रमांक आपला नसतोच. तो पाहताच माणसाला वाटते, 'माझे हक्काचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात चालले!' लोभी माणसापेक्षा काटकसरी माणूस येथे लवकर सापडतो. तो हक्काचे राखण्यासाठी धावतो आणि त्या धावपळीत बँकेची सारी माहिती तोतयाच्या हवाली करतो.

त्याआधी, २०२१ च्या सप्टेंबरमध्ये, संगणकीय सुरक्षेसाठी नेमलेल्या 'सर्ट-इन' या सरकारी यंत्रणेने 'ड्रिनिक' नावाच्या प्रकाराविषयी इशारा दिला होता. परताव्याच्या आमिषाने एक दुवा येई. तो उघडला की आयकर खात्याच्या संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल दिसे आणि एक ॲप मोबाईलवर उतरवून घ्यावयास सांगितले जाई. पॅन, आधार, खातेक्रमांक, कार्डाचा तपशील भरला की परताव्याचा आकडा झळके. 'जमा करा' म्हटले की बिघाड झाल्याचे दिसे. तोवर मोबाईलवर येणारे सारे संदेश दुसऱ्याच्या हाती जाऊ लागलेले असत. सत्तावीसहून अधिक बँकांचे ग्राहक त्याचे लक्ष्य होते.

येथे काही सहकारी विचारतील, आयकर ही मिळकतदारांची बाब. आपल्या कार्यकर्त्यांनी तीत कशासाठी पडावे? हा समज जुना झाला. बँकेचे खाते, भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढणे, लहानसे कर्ज, सर्वत्र आज पॅन मागितला जातो. कंत्राटी शिक्षक, मालवाहू टेम्पो चालविणारा, सल्लागार म्हणून कागदावर दाखविलेला कारखान्यातील तंत्रज्ञ यांच्या मोबदल्यातून कर उगमस्थानीच कापला जातो. त्यांचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असले तर कापलेली रक्कम परत मिळविण्यासाठी त्यांना विवरणपत्र भरावे लागते. म्हणजे परताव्याची वाट पाहणारा माणूस आज बंगल्यात नाही, चाळीत आहे. सात-आठ हजार रुपयांसाठी तो महिनोन्महिने थांबलेला असतो. 'परतावा मंजूर' हे दोन शब्द त्याला खोटे का वाटावेत?

आमच्या वस्तीतले एक निवृत्त एस. टी. वाहक अशाच संदेशाला फसले. संदेश आला तेव्हा त्यांचा खरोखरीचा परतावा यावयाचा होता. त्यांनी दुवा उघडला, कार्डाचा क्रमांक भरला, मोबाईलवर आलेला सांकेतिक आकडा भरला, आणि दहा मिनिटांत निवृत्तीच्या पैशातील शहाऐंशी हजार रुपये गेले. ज्यांनी पस्तीस वर्षे पैशापैशाचा हिशेब चोख दिला, त्या माणसाने ही गोष्ट अकरा दिवस कोणाला सांगितली नाही. मुले काय म्हणतील, लोक हसतील, याची त्यांना चोरापेक्षा अधिक भीती वाटली. तक्रार करावयास गेलो तेव्हा पैसे कितीतरी खात्यांतून पुढे सरकले होते. चोराला जो वेळ हवा होता तो आपल्या समाजाने, आपल्या टिंगलीच्या सवयीने, त्याला मिळवून दिला.

तेव्हा पहिले काम म्हणजे खरे आणि खोटे ओळखण्याची कसोटी लोकांच्या हाती देणे. ती कसोटी अवघड नाही. खरे खाते कसे वागते हे एकदा कळले की तोतया आपोआप उघडा पडतो.

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १४ ऑगस्ट २०१९ रोजी एक परिपत्रक काढले. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या प्रत्येक नोटिशीवर, समन्सवर, आदेशावर संगणकाने दिलेला दस्तऐवज ओळख क्रमांक असला पाहिजे, काही मोजके अपवाद वगळता असा क्रमांक नसलेला कागद निघालाच नाही असे मानले जाईल, असे त्यात सांगितले होते. क्रमांक खरा की खोटा हे खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येते. त्यासाठी तेथे आपले खाते उघडलेले असण्याचीही गरज नाही. वस्तू व सेवा कराच्या बाबतीत अप्रत्यक्ष कर मंडळाने त्याच वर्षी नोव्हेंबरपासून हीच पद्धत सुरू केली. ज्या लहान दुकानदाराला 'जीएसटी'च्या नावाने समन्स येते आणि पाठोपाठ 'मिटवून टाकू' असा फोन येतो, त्याने आधी क्रमांक तपासावा, मग घाबरावयाचे की नाही ते ठरवावे.

दुसरी कसोटी पैशाच्या वाटेची. परतावा हा ज्या बँक खात्याची आपण स्वतः संकेतस्थळावर आधी पडताळणी करून घेतली आहे त्याच खात्यात जमा होतो. तो मिळण्यासाठी शुल्क नाही, अर्ज नाही, दुवा उघडणे नाही. त्याचप्रमाणे कर भरावयाचा तो खात्याच्या संकेतस्थळावरून किंवा अधिकृत बँकेत चलन भरून. कोणा 'साहेबां'च्या खात्यात, मोबाईलवरील चौकटीचे चित्र टिपून, वा भेटकार्डावर कर भरला जात नाही. तिसरी कसोटी गुपिताची. कार्डाचा पिन, बँकेचा पासवर्ड, मोबाईलवर आलेला सांकेतिक आकडा आयकर खाते मागत नाही. मागणारा तोतया समजावा. त्याचा हुद्दा विचारण्याचीही गरज नाही.

चौथी कसोटी पत्त्याची. खात्याचे संकेतस्थळ 'इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन' या नावाचे आहे. पत्त्याचे शेपूट आधी पाहावे. पहिल्या तिरप्या रेघेआधी शेवटी 'गव्ह डॉट इन' असले पाहिजे. मधेच कोठेतरी 'गव्ह' घुसडून शेवटी भलतेच नाव असले तर तो पत्ता सरकारचा नव्हे. २०२५ पासून सरकारी संदेश पाठविणाऱ्याच्या नावाअखेर आडवी रेघ व इंग्रजी 'जी' हे अक्षर असते. साध्या दहा आकडी क्रमांकावरून आलेला 'आयकर खात्याचा' संदेश संशयास्पदच मानावा. आणि पाचवी कसोटी घाईची. 'तासाभरात', 'आजच', 'कोणाला सांगू नका' हे शब्द ऐकू आले की फोन ठेवावा. खऱ्या नोटिशीला मुदत असते, उत्तर देण्याची रीत असते, अपिलाची वाट असते. तोतयाजवळ यांतले काहीच नसते.

मात्र यातून दुसऱ्या टोकाला जाणे तितकेच घातक. आलेली प्रत्येक नोटीस खोटी म्हणून फाडून टाकणारा माणूस उद्या खऱ्या दंडाला पात्र होतो. संदेशातील दुवा न उघडता संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टंकून आत जावे आणि तेथे नोटीस दिसते का ते पाहावे, हा सरळ मार्ग आहे. कधी कधी नोटीस खरी असते आणि व्यवहार मात्र खोटा असतो. ठाणे जिल्ह्यातील एका रोजंदारी मजुराला २०२० च्या सुमारास कोटीहून अधिक रकमेची आयकर मागणी आली. त्याच्या कागदपत्रांवर दुसऱ्याच कोणी खाते उघडून नोटाबंदीच्या काळात पैसे भरल्याची त्याची तक्रार होती. येथे तोतयाने सरकारचे नव्हे, गरिबाचे सोंग घेतलेले असते. आपल्या पॅनवर कोणते व्यवहार नोंदले गेले आहेत हे खात्याच्या संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरणात पाहता येते. पॅन आणि आधारच्या प्रती वाटेल त्याच्या हाती देण्याची आपल्याकडील सवय मोडलीच पाहिजे; द्यावीच लागली तर प्रतीवर कारण व तारीख लिहून द्यावी.

दुसरे काम तक्रारीचे. पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० या क्रमांकावर करावा. गेलेला पैसा चोराच्या स्वतःच्या खात्यात राहत नाही. गरजू विद्यार्थी, बेकार, मजूर यांच्याकडून चार पैसे देऊन घेतलेल्या भाड्याच्या खात्यांतून तो एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा पळविला जातो. १९३० वर तक्रार नोंदताच संबंधित बँकांना सूचना जाऊन वाटेत असेल तेवढी रक्कम गोठविता येते. म्हणून पहिला तास मोलाचा. त्यानंतर 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या संकेतस्थळावर तक्रार, आणि बँकेला लेखी कळविणे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यानुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. 'आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर चालत नाही. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसविणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. लोकसेवकाचे सोंग घेणे हा भारतीय न्याय संहितेखाली स्वतंत्र गुन्हा आहे.

पैसे गेले नसले तरी तक्रार करावयाचीच. खोटे पत्र जसेच्या तसे 'वेबमॅनेजर ॲट इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन' या आयकर खात्याच्या पत्त्यावर आणि 'इन्सिडंट ॲट सर्ट-इन डॉट ओआरजी डॉट इन' या सर्ट-इनच्या पत्त्यावर पुढे पाठवावे. खोट्या फोनची व संदेशाची खबर दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर 'चक्षु' या सोयीत देता येते. ती मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. 'मी तर वाचलो' म्हणून संदेश पुसून टाकणारा मनुष्य स्वतःपुरता शहाणा असेल; परंतु तोच संदेश त्याच वेळी शेजारच्या चाळीतल्या विधवेकडे गेलेला असतो. एकट्याने वाचणे ही हुशारी झाली. दुसऱ्याला वाचविण्याची तरतूद करणे हा नागरिकधर्म आहे.

आता सरकारकडे वळू. 'सावध राहा' असे फोनच्या आरंभी वाजविले की आपले कर्तव्य संपले अशी सत्ताधाऱ्यांची समजूत दिसते. सावध राहणे हे नागरिकाचे काम आहेच. परंतु त्याला ओळखता येईल अशा रीतीने बोलणे हे सरकारचे काम नाही काय? आयकर खात्याची खरी नोटीस महाराष्ट्रातील माणसाला बहुतेक वेळा इंग्रजीत येते. तोतयाचे पत्रही इंग्रजीत येते. ज्याला दोन्ही सारखीच दुर्बोध, त्याने भेद करावा कसा? नोटिशीबरोबर तिचा आशय, मुदत व क्रमांक तपासण्याची रीत सोप्या मराठीत छापून देणे अशक्य नाही. ज्या दिवशी खरे सरकार लोकांच्या भाषेत, सभ्यपणे व कारणे देऊन बोलू लागेल, त्या दिवशी गुरगुरणारा आवाज ऐकताच लोक ओळखतील की हा सरकारी नव्हे. आज गुरगुरणे हीच सरकारची खूण वाटते, आणि तेवढी नक्कल करणे तोतयाला सोपे जाते.

बँकांची गोष्टही अशीच. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकाने ठरविले की, त्रयस्थाच्या घुसखोरीने गेलेले पैसे ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले तर त्याच्यावर भार येणार नाही. परंतु गुप्त माहिती त्याने स्वतःच दिली असेल तर तो त्याचा निष्काळजीपणा धरून, बँकेला कळवीपर्यंतचे सारे नुकसान त्याचे. कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसावयाचे. लवकर कळविण्याचे महत्त्व यावरूनही कळेल. परंतु प्रश्न उरतोच. सरकारच्या नावाने दरडावून ज्याच्याकडून माहिती काढून घेतली, त्याला 'निष्काळजी' म्हणणे न्यायाचे आहे काय? भाड्याची खाती याच बँकांत उघडली जातात. ती उघडताना कोणाचा निष्काळजीपणा होतो आणि त्याचा भार कोण उचलतो?

कोणी म्हणेल, कर वसूल करणाऱ्या खात्याला प्रश्न विचारावयास शिकविणे म्हणजे करबुडव्यांना शस्त्र देणे. हा आक्षेप टिकत नाही. करबुडव्याजवळ प्रश्न विचारणारी भाडोत्री माणसे आधीच आहेत. नाहीत ती सामान्यांजवळ. शाळा, दवाखाना, पाटबंधारे ज्या करावर चालतात तो कर विश्वासाने भरला गेला पाहिजे. तोतया पैसा नेतो आणि हा विश्वासही नेतो. खात्रीचा क्रमांक मागणारा नागरिक सरकारचा शत्रू नसतो. खऱ्या अधिकाऱ्याला त्याचा त्रास होण्याचे कारण नाही.

म्हणून शाखांनी या कामाला लागावे. विवरणपत्रांच्या हंगामात एक संध्याकाळ ठरवून खरी नोटीस आणि खोटा संदेश शेजारी ठेवून लोकांना वाचून दाखवावा. १९३० हा आकडा फळ्यावर, रेशन दुकानाजवळ, निवृत्तांच्या कट्ट्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा. प्रत्येक वस्तीत दोन कार्यकर्ते असे असावेत की ज्यांच्याकडे माणूस रात्रीही निःसंकोच येऊ शकेल, आणि जे त्याच्याबरोबर पोलीस ठाण्याची पायरी चढतील. बेकार मुलांना बजावून सांगावे की, 'फक्त खाते वापरू दे, महिन्याला दोन हजार देतो' म्हणणारा त्यांना तुरुंगाच्या वाटेवर नेत आहे. ऑपेरा हाऊसच्या पेढीत साहेबाची वाट पाहत बसलेल्या मुलांचा साहेब परत आला नव्हता. आणि सर्वांत आधी, फसलेल्या माणसाला हसणार नाही अशी शपथ आपण स्वतःशी घ्यावी.

आमचे ते वाहक काका आता शाखेच्या बैठकीत आपली हकीकत स्वतः सांगतात. पैसे परत मिळालेले नाहीत. पण गेल्या महिन्यात त्यांच्या शेजारणीला आयकराच्या नावाने फोन आला, तेव्हा ती त्यांच्याकडे धावत आली. काकांनी फोन हातात घेतला आणि एवढेच विचारले, "नोटिशीचा क्रमांक सांगा, मी लिहून घेतो." पलीकडून फोन ठेवला गेला.